आईचं पांढरं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी शरीररचना शिकवते. त्यातला विशेष ज्ञानेंद्रियांचा धडा गेली कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे, कारण तो बाकी कुणाला नको असतो. हृदय शिकवणाऱ्याला मान असतो. मेंदू शिकवणारा तर चालतोही वेगळा. माझ्या वाट्याला नाक, कान, जीभ आणि एक प्लॅस्टिकचा डोळा. हा डोळा मधोमध उघडतो आणि उघडला की त्यातलं भिंग टुणकन उडी मारून बाकाखाली जातं. एका वर्षी ते गेलं ते परत आलंच नाही. तेव्हापासून मी भिंगाच्या जागी लिमलेटची गोळी बसवते. बरोबर मापात बसते. एका मुलीने तोंडी परीक्षेच्या आधी ती खाऊन टाकली होती, पण बाकीचं तिला येत होतं म्हणून मी तिला पास केलं.

मुलींना मी पहिल्याच तासाला सांगते, ज्ञानेंद्रियांवर फार विश्वास ठेवू नका, ही मंडळी कामचुकार आहेत. नाकाचंच घ्या. कुठलाही वास थोडा वेळ सलग आला की नाक त्याची दखल घेणंच सोडून देतं. आमच्या मुलुंड-नाहूरच्या पट्ट्यात कचऱ्याच्या डोंगराकडून वारा सुटला की इस्टेट एजंट गिऱ्हाइकाला आधी खाली टपरीवर बसवून चहा पाजतो आणि मगच वर फ्लॅट दाखवायला नेतो. तोवर नाक थकलेलं असतं. गिऱ्हाईक खिडकीत उभं राहून म्हणतं, हवा छान आहे हो इकडे.

डोळा मात्र ह्या सगळ्यांत मोठा थापाड्या. नाक निदान गप्प तरी बसतं, डोळा छातीठोकपणे खोटं सांगतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. घरात आई असताना मला ते पुस्तकातून शिकावं लागलं, हे जरा लाजिरवाणंच आहे.

आई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, म्हणजे पगार घेणं थांबवलं. मुख्याध्यापिका ती अजून आहेच. वडील गेल्यापासून नाहूरच्या घरात आम्ही दोघी. आमच्या वसाहतीत एक छोटं बुद्धविहार आहे आणि तिथल्या महिला मंडळाची आई सर्वेसर्वा. तिला कुणी निवडून दिलेलं नाही आणि तिला पाडायची कुणाची छाती नाही. रविवारी सकाळी वंदनेला बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात. आई सगळ्यात पुढे बसते, पण बसण्याआधी मागे वळून एकेकीवरून नजर फिरवते. शाळेत नखं तपासायची तशी.

"पांढरं म्हणजे पांढरं," ती म्हणायची. "पिवळट पांढऱ्याला पांढरं म्हणत नाहीत, आळस म्हणतात."

आळसावर तिच्याकडे एकच औषध होतं, नीळ. शेवटच्या पाण्यात नीळ घाला. घातली असेल तर अजून घाला. ती स्वतःच्या साड्यांना इतकी नीळ द्यायची की बादली रिकामी केल्यावर मोरीची फरशी निळी दिसायची. बायकांनी सुरुवातीला वाद घातला असेल, मला आठवत नाही. पण रविवारी सकाळी चारचौघीत ओरडा खाण्यापेक्षा चार थेंब जास्त घातलेले परवडले, हा हिशोब सगळ्यांना लवकरच जमला. चाराचे आठ झाले. काही वर्षांत आमच्या विहारातली एकही साडी पांढरी उरली नाही. सगळा हॉल आभाळासारखा निळा, आणि पुढे बसलेली आई समाधानाने म्हणायची, आता कशा सगळ्या शुभ्र दिसताय.

कुणालाच ते खटकलं नाही, कारण निळा आपलाच रंग. जयंतीच्या मिरवणुकीत झेंडे निळे, फेटे निळे, तर साड्यांनी काय घोडं मारलं. मलाही वाटायचं, आई जाणूनबुजूनच करते आणि त्याला पांढरं म्हणणं हा तिचा मुख्याध्यापिकी हट्ट आहे. एकदा दिंडोशीच्या एका विहारातल्या बायका कार्यक्रमाला आल्या. त्यांनी हळूच चौकशी केली की हा युनिफॉर्म कुठून शिवून घेतला. पुढच्या वर्षी त्याही फिकट निळ्या साड्या नेसून आल्या. आईने आमच्या बायकांना त्यांचं उदाहरण दिलं, बघा, दिंडोशीत कशा धुतात.

ह्यात एकीचं मात्र नुकसान झालं. आमच्याच मजल्यावरची एक सून, जिला आम्ही वहिनी म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ती कोरी पांढरी साडी नेसून विहारात आली. आईने तिला दारातच थांबवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, ही हळदीची साडी का?" पोरगी गेली, सासूची निळी साडी नेसून परत आली आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. त्यानंतर तिला दोन मुलं झाली, अंधेरीच्या एका ऑफिसात ती अकाउंट्सची मुख्य झाली, पण विहारात तिची जागा तीच राहिली.

मग आईला कमी दिसायला लागलं. अर्थात तिच्या मते तिला नीट दिसत होतं, वायरमन चोर होता आणि ट्यूबलाइट दुय्यम दर्जाच्या लावत होता. तिने ट्यूबा बदलून घेतल्या, मग वायरमन बदलला. शेवटी एकदा चहा कपाऐवजी बशीत आणि बशीतून माझ्या मांडीवर ओतला, तेव्हा मी तिला मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन आधी करू, डॉक्टर म्हणाले, आणि महिन्याभराने डाव्याचं. मग त्यांनी पडद्यावर मला भिंग दाखवलं. चांगलं विटकरी पिवळं झालेलं.

ते बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिंग जन्मतः पाण्यासारखं स्वच्छ असतं. वय वाढतं तसं ते पिवळं पडत जातं, जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यासारखं, आणि पिवळं भिंग निळा प्रकाश आत येऊ देत नाही. मागे दृष्टिपटलावर निळ्या रंगासाठी खास शंकू पेशी असतात, त्या बिचाऱ्या काम नसल्यासारख्या बसून राहतात. मेंदू बरंचसं सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहेत. शेवटी पांढरं पिवळट दिसतं आणि फिकट निळं पांढरं दिसतं. म्हणजे आई इतकी वर्षं स्वतःच्या डोळ्यातला पिवळेपणा साडीतून धुऊन काढत होती, आणि तिच्यामागे आमची अख्खी वसाहत धूत होती. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते.

बातमी विहारात पोचायला संध्याकाळ लागली नाही. दोघी-तिघी माझ्याकडे आल्या. आईच्या तब्येतीची चौकशी चहा संपेपर्यंत चालली, मग खरा प्रश्न आला.

"ऑपरेशननंतर काकूंना सगळं दिसेल ना गं? म्हणजे सगळंच?"

"सगळंच."

"वाट लागली," त्यातली एक म्हणाली.

ऑपरेशन झकास झालं. डोळा सुन्न केलेला होता, तोंड नव्हतं, त्यामुळे आईने आतमध्ये डॉक्टरांना शिस्तीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या असं नर्सने मला बाहेर येऊन कळवलं. जुनं भिंग काढून नवं स्वच्छ भिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईने डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही एवढे तरुण असाल असं वाटलं नव्हतं, नाहीतर आलेच नसते.

घरी आलो. गॅलरीत दांडीवर तिचीच साडी वाळत होती. आई तिच्यासमोर उभी राहिली. एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. मग पुन्हा पहिला. मी स्वयंपाकघरात उभी राहून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"तुझीच."

ती आत आली, स्वतःचा चहा स्वतः केला, पातेल्यातल्या दुधाकडे बघत उभी राहिली. मग जाहीर केलं, "डॉक्टरने भिंग खराब बसवलंय. निळं दिसतं."

मी लगेच प्लॅस्टिकचा डोळा काढला, लिमलेटची गोळी दाखवली, शंकू पेशी सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू गोळ्या शिकवतेस. मी माणसांना विचारते." डॉक्टरांनीही घोळ घातला. खरं तेच सांगितलं त्यांनी, की सुरुवातीचे काही दिवस सगळं जरा निळसर वाटतं, मग सवय होते. आईने त्यातलं पहिलं अर्धं तेवढं उचललं. डॉक्टरही कबूल झाला, असं ती जिना चढता-उतरताना भेटेल त्याला सांगू लागली.

आणि मग ती खरंच माणसांना विचारायला निघाली. तीच साडी हातावर घेऊन घरोघर. "ही कसली दिसते तुला?" दारात उभं राहून एवढंच विचारायचं.

"पांढरी आहे की काकू."

"दुधासारखी आहे."

"तुमच्यासारखी साडी कुणाला धुता येते का?"

एकजात सगळ्या. ह्याच बायका दर रविवारी पंचशील घेतात, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तेही खणखणीत आवाजात घेतात. मी एकीला जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाली, "अगं, ह्या वयात कशाला दुखवायचं त्यांना? दोन दिवसांनी विसरतील." मला राग आला होता, पण तिला काय बोलणार. तिची स्वतःची साडी तेव्हा खांद्यावर होती, जांभळ्याकडे झुकलेली.

आई विसरली नाही. प्रत्येक घरातून येऊन साडीची घडी घालून ठेवायची आणि जास्त जास्त गप्प होत गेली. डाव्या डोळ्याची तारीख आली तेव्हा म्हणाली, "मला नाही करायचा दुसरा डोळा."

इथे माझं हसू संपलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू जास्त पिकलेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच ठेवलं तर भिंग कडक होतं, ऑपरेशन अवघड होतं, आणि आत दाब वाढला तर डोळा जाऊही शकतो. मी रोज विषय काढायचे आणि ती रोज उठून गॅलरीत जायची. त्यात पायरी किती खोल आहे ते कळायला दोन्ही डोळ्यांची चित्रं मेंदूत जुळावी लागतात. तिचा एक डोळा लख्ख आणि एक चहाच्या गाळणीतून बघणारा. विहाराच्या शेवटच्या पायरीवर तिचा अंदाज चुकला आणि ती गुडघ्यावर पडली. फार लागलं नाही. पण तिने उठताना माझा हात शोधला आणि तो तिला पहिल्या झटक्यात सापडला नाही, ते बघून मला खरीच भीती वाटली. माझ्या आईला मी कधी काही शोधताना बघितलेलं नव्हतं.

शनिवारी मी वहिनीच्या दारात गेले. ती नुकतीच ऑफिसातून आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. मी सगळं सांगितलं.

"मला का सांगता?" ती म्हणाली.

"माझं ती ऐकत नाही आणि बाकी तिला खरं सांगणारं कुणी नाहीये. तुझ्याकडे ती आली का साडी घेऊन?"

"नाही आल्या. अख्ख्या मजल्यावर फिरल्या, माझी बेल वाजवली नाही." मग पर्स खाली ठेवत म्हणाली, "आणि मी बोलले तर मला काय मिळणार, ताई? पुन्हा दारातून परत?"

मी म्हटलं, डोळा जाईल गं तिचा. ती म्हणाली, बघते.

रविवारी विहारात आम्ही सगळ्या नेहमीप्रमाणे निळ्या बसलो होतो. आई पुढे, तपासणी न करताच बसलेली. ऑपरेशनपासून तिने मागे वळून बघणं सोडलं होतं. वहिनी उशिरा आली. नवी कोरी साडी, दुकानातून थेट आणलेली, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. इतकी पांढरी की आमच्या सगळ्यांच्या साड्या एकदम उघड्या पडल्या. ती शेवटच्या रांगेपाशी थांबली नाही. आमच्यामधून वाट काढत पुढे गेली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली.

आईने तिच्याकडे बघितलं. ह्या वेळी कुठलाच डोळा झाकला नाही.

"ही कसली साडी?"

"पांढरी आहे, काकू."

"आणि माझी?"

"निळी. तुमची निळी, माझ्या सासूबाईंची निळी, ह्या सगळ्यांची निळी. मी लग्न होऊन आले तेव्हाच हा हॉल निळा होता."

मागे कुणीतरी खोकलं. आई तिच्याकडेच बघत होती.

"मी तुला परत पाठवलं होतं. त्या दिवशी कसली होती?"

"पांढरी होती. आईने घेतली होती माझ्या." वहिनीने पदराची कोरी घडी सरळ केली. "मी घरी जाऊन रडले आणि मग सासूबाईंची नेसून आले. ती साडी पुन्हा नेसले नाही."

"एवढी वाईट वागायचे मी?"

"हो," वहिनी म्हणाली. "वागायचात."

मला वाटलं, आता स्फोट होणार. अर्ध्या हॉलला तसंच वाटलं असावं, कारण बायका जागच्या जागी मागे सरकल्या. आईने वहिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि वंदना सुरू केली. नेहमीपेक्षा हळू आवाजात. वहिनी तिथेच बसून राहिली.

घरी आल्यावर आईने मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला आम्ही रिक्षाने मुलुंडला निघालो. मी खुशीत होते. विज्ञान जिंकलं, असं काहीतरी माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. मी म्हटलं, "बघ, भिंग चांगलंच होतं की नाही? उगीच त्या डॉक्टरला बोललीस."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली. "दूध पांढरं दिसलं, भात पांढरा दिसला. भिंग खराब असतं तर एकटी साडीच कशी निळी दिसली असती? एवढं कळायला काय तुझा धडा लागतो?"

"मग घरोघर कशाला फिरलीस?"

"कोण सांगतंय ते बघायला." ती बाहेर बघत होती. "एकीने नाही सांगितलं. घरी येऊन मी म्हणायचे, उद्याची सांगेल. मग वाटलं, एका डोळ्याने एवढं दिसलं, दुसरा कशाला करायचा."

सिग्नलला रिक्षा थांबली. मी तिला समजावलं की भिंग हळूहळू पिवळं होतं, इतकं हळू की ज्याचं त्याला कळत नाही. ह्यात तिचा काहीच दोष नव्हता. हे मी वर्गात सांगते तसंच, मुद्देसूद सांगितलं.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात काय होतं?"

सिग्नल सुटला. हॉस्पिटल येईपर्यंत मी रस्त्याकडे बघत बसले.